दोनशेच्या वर बीएचपी, पुढची चाकं ओढणारी गाडी: गिअर रेशो कोणते घ्यावेत?

निपाणीहून विचारलंय की ट्यून केलेल्या टर्बो हॅचबॅकचा टॉर्क ३०० एनएम झालाय, पहिल्या-दुसऱ्यात पुढची चाकं जागेवर फिरतात, तर क्लोज रेशो सेट (एकमेकांच्या जवळच्या आकड्यांचे गिअर) आणि आखूड पहिला गिअर (आकडा मोठा, जोर जास्त, वेग कमी) घालू का?

नको ओ. उलट करा, गिअर लांब घ्या. मी बेळगावच्या उद्यमबागेत गिअर कापायच्या कामावर आहे, तरी हीच चूक स्वतःच्या गाडीवर पैसे घालून केली. ४.४ चा आखूड फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरनंतर चाकांकडं जोर नेणारी शेवटची दात्यांची जोडी, बसवला. जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालो, पाऊस सुरू, दुसऱ्यात पाय दिला की टायर किंचाळायचे, स्टिअरिंग एका अंगाला ओढायचं, आणि गाडी आपली तिथंच!

हिशेब बघा. पहिला ३.७७, फायनल ३.९, टायर २०५/५५ आर१६. दहा टक्के गिअरबॉक्सनं खाल्ले तरी रस्त्यावर १२८० किलोचा जोर येतो. गाडी १२०० किलोची, पुढच्या चाकांवर साधारण ७४०. कोरड्या डांबरावर त्यातले साडेसहाशे झेलले तर खूप. वेग घेताना वजन मागं जातं, म्हणून तेवढेही नाहीत. दुसऱ्यात, २.१० ला, अजून ७१० शिल्लकच.

म्हणून रेशो ठरवताना मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो. पहिला नुसता गाडी हलवायला. फायनल ३.४ केला की दुसऱ्याचा जोर ६२० वर येतो आणि ६५०० आरपीएमला तो ताशी ९४ ऐवजी १०८ किलोमीटरपर्यंत जातो. पाय तरी सांभाळायचाच. पहिल्यावरून दुसरा टाकताना आरपीएम ३६०० वर पडतात, पण तिथं टर्बो जागा असतो की! क्लोज रेशो हवाच तर दुसरा-तिसरा-चौथा जवळ आणा. चढावर भरलेली गाडी उचलताना क्लच थोडा जास्त घासेल, एवढंच.

उरलेले पैसे एलएसडीत घाला, म्हणजे एक चाक जागेवर फिरायला लागलं तरी दुसऱ्याला जोर देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये. रस्त्यावरच्या गाडीला हेलिकल (तिरप्या दात्यांच्या गिअरचा) बरा, क्लच प्लेटवाला कटकट करतो.

त्याच गाडीच्या डिझेल मॉडेलचा फायनल बहुतेक वेळा लांब असतो, स्वस्तात मिळतो. पण त्यातला छोटा गिअर, पिनियन, बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरच कापलेला असतो, तेव्हा क्राऊन (मोठा गिअर) आणि शाफ्ट जोडीनंच घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. एका दात्याला खडू लावा आणि मोजा: क्राऊनला ६८, पिनियनला २०, म्हणजे ३.४. स्प्लाइनही (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) मोजा, मी आणलेला पहिला डिझेल गिअरबॉक्स तिथंच अडला होता.