वेताळ कुणी काढला? आणि तुमचे आणखी काही प्रश्न

मागच्या अंकात लहानपणी वाचलेल्या सुपरहिरो कॉमिक्सबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं पान त्यांनाच देतोय. सगळी छापता येणार नाहीत, पण वाचली मात्र सगळी.

प्रश्न : माळा साफ करताना बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली, त्यात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, बहुतेक वेताळाचेच. बऱ्याच अंकांची पहिली पानं गळून गेलीत त्यामुळे चित्रं कोणाची ते कळत नाही. वेताळ हा आपल्याकडचाच हिरो ना? (एक वाचक, मिरज)

आधी ती ट्रंक कुणाला देऊन टाकू नका, रद्दीत तर अजिबात नको.

वेताळ म्हणजे मूळचा फँटम, अमेरिकेतला. ली फॉक नावाच्या लेखकाने तो तयार केला आणि 17 फेब्रुवारी 1936 पासून तो तिकडच्या पेपरात रोज चित्रपट्टीच्या रूपात यायला लागला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चेहऱ्यावर मास्क आणि मास्कमधून न दिसणारी बुबुळं, हे पुढे कितीतरी सुपरहिरोंनी उचललं ते आधी इथे आहे बघा. बुबुळं न काढायची कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचली असं फॉक सांगायचे. त्यांच्या मनात पोशाखाचा रंग राखाडी होता, पण रोजची पट्टी काळी-पांढरी असल्यामुळे तो कुणाला दिसलाच नाही आणि 1939 मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तोच निळा झाला, इटलीत लाल. म्हणजे एकाच माणसाला प्रत्येक देशातल्या छापखान्याने आपापले कपडे शिवले.

आता चित्रांचं. सुरुवातीला रे मूर काढायचे, त्यांच्या चित्रात अंधार आणि सावल्या फार. मग विल्सन मॅकॉय आले, त्यांची रेष साधी, माणसं थोडी बाहुल्यांसारखी. आणि 1961 पासून थेट 1994 पर्यंत साय बॅरी, तेहेतीस वर्षं एकाच माणसाचा हात! तुमच्या ट्रंकेतले अंक सत्तर-ऐंशीच्या दशकातले असतील तर त्यातला बराचसा वेताळ बॅरींचाच असणार. एखादं जंगलातलं चित्र काढून नीट बघा, अगदी पुढे काळ्याभोर पानांच्या नुसत्या आकृत्या, त्यांच्या फटीतून दिसणारा घोडा, त्याच्या मागे फिकट होत गेलेली झाडं, आणि ब्रशची रेष खांद्यावर जाड होऊन मनगटापाशी बारीक होते. मी सातवीत असताना ट्रेसिंग पेपर ठेवून ही रेष गिरवायचो आणि दर वेळी ती माझ्याकडे सगळीकडे सारख्याच जाडीची यायची. त्या वयात कळलं नाही की हे मनगटाचं काम आहे, आणि ते करणाऱ्या माणसाला नाव आहे हे तर कुणी सांगितलंच नाही. साय बॅरी हे नाव मला चाळिशीत कळलं, त्याची मला अजून रुखरुख आहे म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर सांगतोय.

इंद्रजाल मुंबईतून टाइम्स ऑफ इंडियाने 1964 च्या मार्चमध्ये सुरू केलं आणि 1990 पर्यंत चालवलं, इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही. मूळ कथेत वेताळाच्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, आपल्याकडे गोंधळ नको म्हणून त्याचं डेंकाली केलं, आणि मूळचे 'सिंग' नावाचे समुद्री चाचे इथे सिंगा झाले. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते वेताळ हे नाव. फँटमला तिकडे 'चालणारं भूत' म्हणतात, आणि आपल्या कोकणात-गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार, तो रात्री गावाभोवती फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक देवळात त्याला नव्या चपला वाहतात! ज्या कुणी हे नाव ठरवलं त्याला माझा मनापासून नमस्कार, नुसता शब्द फिरवून असं नाव सुचत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, बापामागून मुलगा असं एक गोरं घराणं पिढ्यानपिढ्या काळ्या लोकांच्या जंगलाचं रखवालदार, हे आज वाचताना खटकतं, आणि खटकायलाच पाहिजे. मुलांना वाचायला द्याल तेव्हा शेजारी बसून त्यावर बोला. आणि आपल्याकडचाच हिरो हवा असेल तर ट्रंकेत केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला बहादूर सापडतो का बघा, 1976 चा, कथा आबिद सुरतींची ('ढब्बूजी' ही व्यंगचित्रपट्टी काढणारे तेच) आणि चित्रं गोविंद ब्राह्मणियांची.

प्रश्न : स्पायडरमॅन स्टॅन ली यांनीच बनवला ना? मुलगा म्हणतो आणखी कुणीतरी होतं. (एक वाचक, ठाणे)

मुलगा बरोबर आहे, त्याला शाबासकी द्या. स्टॅन ली यांचं श्रेय मी काढून घेत नाही, पीटर पार्करच्या, म्हणजे मास्कमागच्या मुलाच्या, तोंडची भाषा, त्याची घरभाड्याची काळजी, हा सूर त्यांचाच. पण पहिला स्पायडरमॅन 1962 च्या ऑगस्टच्या अंकात आला तेव्हा तो जाळीदार पोशाख, पूर्ण झाकलेला चेहरा, ती वाकडीतिकडी कोळ्यासारखी बसायची पद्धत, हे सगळं स्टीव्ह डिटको यांच्या हातचं होतं. मार्व्हल या त्यांच्या कंपनीतली कामाची पद्धतच अशी होती की आधी गोष्टीची ढोबळ रूपरेषा, मग चित्रकार पानंच्या पानं रचणार आणि शेवटी लेखक संवाद भरणार, म्हणजे गोष्ट कुठे थांबवायची, कुठे पळवायची हे बरंचसं चित्रकारच ठरवत होता. पुढे पुढे तर कथानकाचं श्रेयही डिटकोंच्या नावावर छापून यायला लागलं.

मुलाला 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा 33 वा अंक मिळाला तर दाखवा, 1966 चा. स्पायडरमॅन एका अवाढव्य यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, आणि पीटरच्या मे काकूंचा जीव वाचवणारं औषध समोरच जमिनीवर पडलंय पण हात पुरत नाही. डिटको काय करतात, पान उलटत जातं तशी चौकट मोठी करत नेतात, आधी लहान चौकटीत नुसतं वाकलेलं डोकं, मग थोडी मोठी, मग आणखी मोठी, आणि यंत्र उचलून फेकतो ते चित्र अख्ख्या पानभर! ते ओझं आपल्याच खांद्यावरून उतरल्यासारखं वाटतं. त्याच वर्षी डिटकोंनी ते काम सोडलं. पुढे ते मुलाखती देत नसत, फोटो काढू देत नसत, 2018 मध्ये नव्वदाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या घरात एकटेच गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॅन लीही गेले.

प्रश्न : सुपरमॅनच्या निर्मात्यांना फक्त 130 डॉलर मिळाले हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

हो. जेरी सीगल लिहायचे, जो शुस्टर काढायचे, क्लीव्हलँडच्या शाळेपासूनचे दोस्त. 1938 मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क त्यांनी 130 डॉलरला विकले. तो चेक अजून आहे, एकूण रक्कम 412 डॉलर, कारण त्यात बाकीच्या कामाचेही पैसे धरलेत, आणि त्यावर दोघांच्याही नावांचं स्पेलिंग चुकलंय. ज्या कागदाने त्यांचा हिरो त्यांच्याकडून गेला त्यावर त्यांचं नावसुद्धा धड लिहिलेलं नाही, हे वाचलं की माझ्या पोटात तुटतं. 2012 मध्ये त्याच चेकला लिलावात 1,60,000 डॉलर मिळाले.

सत्तरच्या दशकात सीगल टायपिस्टची नोकरी करत होते आणि शुस्टरना जवळजवळ दिसत नव्हतं. सुपरमॅनचा मोठा सिनेमा येणार म्हटल्यावर सीगल उघडपणे बोलले आणि नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून 1975 च्या अखेरीस प्रत्येकाला वर्षाला 20,000 डॉलर आणि अंकावर पुन्हा नाव मिळालं. बॅटमॅन घडवणाऱ्या दोघांपैकी एक असलेल्या बिल फिंगरना तेही नाही, ते 1974 मध्ये गेले आणि त्यांचं नाव अधिकृतपणे लागलं ते 2015 मध्ये.

प्रश्न : माझ्याकडचे अंक पिवळे पडून तुकडे पडायला लागलेत. शिवाय काहींवर वाचनालयाचा शिक्का आणि माझ्या भावाचं पेनने लिहिलेलं नाव आहे, ते घालवता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

हा पेपराचा स्वस्त कागद, लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होत राहतं आणि ऊन-हवा लागली की कागद तपकिरी होऊन ठिसूळ होतो. झालेलं परत येत नाही पण पुढचं लांबवता येतं. सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक दहा वर्षांनी तपकिरी पट्टा सोडतो. लॅमिनेशन तर नकोच. प्रत्येक अंक आम्लरहित पुठ्ठ्यासकट वेगळ्या पिशवीत घालून उभा ठेवा, भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, तुमच्याकडे पावसाळ्यात भिंत घाम सोडते. कसर लागू नये म्हणून अधूनमधून उघडून बघत जा, आणि डांबराच्या गोळ्या ठेवल्यात तर त्या कागदाला चिकटू देऊ नका.

शिक्का आणि नाव मात्र राहू द्या. खोडायला गेलात तर कागद फाटेल हे एक, आणि दुसरं म्हणजे माझ्याकडच्या एका अंकावर मागच्या पानाला निळ्या शाईत कुणा मुलाने नाव, इयत्ता आणि खाली 'परत करणे' असं लिहिलंय. अंक मला रद्दीच्या दुकानात मिळाला. मी त्याला ओळखत नाही, पण अंक काढला की आधी ते पान उघडतो.