कोणत्या कायद्याने बेकायदा?

वाचकांचे प्रश्न

स्थलांतरावरील गेल्या अंकातील लेखानंतर आलेली पत्रे बरीच आहेत आणि काही पत्रांचा सूर चांगलाच चढा आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: आमच्या परिचितांच्या गटात एक संदेश पुन्हापुन्हा येतो. अमुक देशाची सीमा बेकायदा ओलांडली तर सक्तमजुरी, तमुक देशाची ओलांडली तर गोळी, आणि अमेरिकेची किंवा भारताची ओलांडली तर मात्र नोकरी, शिधापत्रिका आणि वाहन परवाना, असा त्याचा आशय असतो. यात तथ्य किती?

उत्तर: हा संदेश रचणाऱ्याने एका पारड्यात कायद्याच्या पुस्तकातली कडक शिक्षा ठेवली आहे आणि दुसऱ्या पारड्यात कायदा मोडून मिळवलेला लाभ. अशा तराजूचा काटा हवा तिकडे झुकतो. पुस्तक पुस्तकाशी ताडून पाहिले तर चित्र बदलते. अमेरिकेत तपासणी चुकवून प्रवेश करणे १९२९ पासून फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि एकदा हद्दपार झालेली व्यक्ती परवानगीवाचून परतली तर दोन वर्षांपर्यंत. भारतात १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे रद्द केले असून, वैध पासपोर्ट वा व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. शिवाय आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित व्यक्तीवरच टाकलेली आहे. जुन्या कायद्यातही ती तशीच होती. बनावट कागदांवर मिळवलेली शिधापत्रिका ही सवलत नसून आणखी एक गुन्हा आहे. तो पकडला जात नसेल, तर ती तक्रार अंमलबजावणीची आहे आणि ती जरूर करावी; पण ‘आपला कायदाच मवाळ’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

अमेरिकेतील वाहन परवान्याची गोष्ट अर्धी खरी आहे. तो विषय राज्यांचा आहे, आणि रस्त्यावरील प्रत्येक चालकाची परीक्षा व विमा झालेला बरा, या हिशेबाने काही राज्यांनी असे परवाने दिले आहेत. केंद्राच्या बहुतेक कल्याणकारी योजनांतून मात्र १९९६ च्या कायद्याने या लोकांना वगळले आहे. मुलांची सरकारी शाळा आणि रुग्णालयातील तातडीचे उपचार एवढे त्यांना मिळते. पैकी शाळेचा दरवाजा १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उघडा ठेवला.

देशोदेशींचा फरक खरा आहे, पण तो संदेशात सांगितला आहे तसा ‘कडक देश’ आणि ‘भोळे देश’ असा नाही. शेजारी-शेजारी असलेल्या फ्रान्स आणि इटलीचे पाहा. फ्रान्सने २०१२ च्या अखेरीस केवळ परवान्याशिवाय राहणे हा फौजदारी गुन्हा उरू दिला नाही. इटलीने २००९ मध्ये तोच गुन्हा ठरवून ५,००० ते १०,००० युरो दंड ठेवला. ज्याच्याजवळ रात्रीच्या निवाऱ्याचे पैसे नाहीत त्याच्याकडून हा दंड कोण आणि कसा वसूल करणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. मलेशियात शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, १०,००० रिंगिटपर्यंत दंड आणि वेताच्या छडीचे सहापर्यंत फटके अशी आहे. आता शिक्षेच्या धाकानेच माणसे थांबत असती तर मलेशियात असा एकही कामगार दिसता ना. प्रत्यक्षात तेथील मळ्यांत आणि बांधकामांवर असे कामगार मोठ्या संख्येने आहेत, आणि छडी हातात असलेल्या त्याच सरकारला २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये त्यांची नोंदणी करून त्यांना नियमित करण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्या. मळेवाल्याला माणूस हवा असतो आणि माणसाला मजुरी हवी असते. शिक्षेचे कलम या दोघांच्या व्यवहारात बरेच उशिरा येते. संदेशात ज्यांचे कौतुक असते त्या बंदिस्त देशांच्या सीमेवर कामासाठी रांग लागत नाही, यामागे कायद्याच्या धाकापेक्षा तेथे न मिळणारी मजुरीच असते.

प्रश्न: अमेरिकेचा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा मिळाला आहे. मग तेथे सलग वर्षभर राहिल्यास ते बेकायदा कसे?

उत्तर: ही चूक भल्याभल्यांकडून होते, आणि पासपोर्टवर चिकटवलेल्या कागदावरची ठळक तारीख हे तिचे मूळ आहे. व्हिसा हा दारापर्यंत जाऊन दार वाजवण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहायचे, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याची नोंद ‘आय-९४’ या नावाने होते. पूर्वी तिची छोटी पांढरी चिठ्ठी पासपोर्टात टाचून मिळत असे. विमानाने व जहाजाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून ती नोंद केवळ संगणकावर राहते आणि संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक घालून पाहावी लागते. पर्यटकाला सहसा सहा महिने मिळतात. दहा वर्षे हा पुन्हापुन्हा येऊन दार वाजवण्याचा काळ आहे.

आय-९४ वरील तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून मुक्काम बेकायदा होतो आणि तो दहा वर्षांचा व्हिसाही आपोआप बाद होतो. एवढ्याने आपण फौजदारी गुन्हेगार ठरत नाही. मुदत ओलांडणे हा अमेरिकेत दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. मात्र असा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडला तर तीन वर्षे आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक झाला तर दहा वर्षे पुनःप्रवेशाला बंदी येते. आजारपणासारखे कारण असेल तर मुदत संपण्यापूर्वीच वाढीसाठी अर्ज करावा.

हाच विसरभोळेपणा दुसऱ्या देशांत काय रूप घेतो, तेही पाहण्यासारखे आहे. संयुक्त अरब अमिरातीत ग्रंथालयाच्या पुस्तकाप्रमाणे दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो. ब्रिटनमध्ये १९७१ च्या कायद्यानुसार जाणूनबुजून मुदत ओलांडणे हा गुन्हा आहे. सिंगापुरात मुक्काम ९० दिवसांहून अधिक लांबला तर कैदेबरोबर किमान तीन फटके आहेत. स्त्रिया आणि पन्नाशी उलटलेले पुरुष यांना फटक्यांतून सूट आहे, एवढाच काय तो दिलासा.

प्रश्न: ‘घुसखोर’ म्हणण्याऐवजी ‘कागदपत्रे नसलेला’ म्हणणे हा निव्वळ भिडस्तपणा नव्हे का?

उत्तर: भिडस्तपणाचा संशय येणे स्वाभाविक आहे. तरी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ‘अनियमित’ किंवा ‘कागदपत्रे नसलेले’ कामगार असे म्हणावे, ही सूचना १९७५ मध्येच केली होती, तेव्हा ही अलीकडची टूम नाही. माझा आक्षेप सौजन्यापेक्षा अचूकतेचा आहे. घुसखोर म्हणजे घुसलेला. वरच्या पत्रातील गृहस्थ समजा वर्षभर राहिले, तर ते बेकायदा राहतील. पण ते विमानतळाच्या दारातून, अधिकाऱ्याने शिक्का मारल्यावर आत गेलेले असतील. त्यांना घुसखोर म्हणणे मराठीच्या दृष्टीनेही चूक आहे. रात्री कुंपण कापून आलेल्याला तो शब्द लावायला माझी हरकत नाही.

प्रश्न: जो बेकायदा आला तो शरणार्थी कसा? खरा शरणार्थी रीतसर परवानगी घेऊन येणार नाही का?

उत्तर: ही अपेक्षा रास्त वाटते, परंतु ती पूर्ण करण्याची वाटच जवळपास कोणत्याही देशाने ठेवलेली नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेरावे कलम प्रत्येकाला कोणताही देश सोडण्याचा हक्क देते. दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क मात्र त्यात नाही. चौदावे कलम आश्रय मागण्याची मुभा देते, पण तो मागायचा तर बहुधा त्या देशाच्या भूमीवर पाऊल ठेवावे लागते, आणि आश्रय मागण्यासाठीचा म्हणून व्हिसा सहसा कोठे मिळत नाही.

मग माणूस तिकीट काढून विमानाने का येत नाही, याचे उत्तर विमानतळावरील तिकीट-खिडकीवर मिळते. तेथील कर्मचारी पासपोर्टाची पाने उलटून व्हिसा शोधत असतो, तो परराष्ट्र धोरणाच्या काळजीपोटी नव्हे. ब्रिटनसारखा देश अपुऱ्या कागदांनिशी आणलेल्या दर प्रवाशामागे विमान कंपनीकडून २,००० पौंड वसूल करतो, युरोपीय संघातही असाच दंड आहे, आणि हा प्रवासी खरोखरच जिवाच्या भीतीने पळतो आहे का, हे ठरवण्याचे काम त्या कर्मचाऱ्याचे नाही. म्हणून तिकिटाच्या कितीतरी पट पैसे दलालाला देऊन माणसे रबरी होडीत बसतात.

याची जाणीव १९५१ च्या शरणार्थी करारात आहे. त्याचे एकतिसावे कलम सांगते की, धोक्याच्या ठिकाणाहून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या शरणार्थ्याला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. ‘थेट’ आणि ‘विनाविलंब’ या दोन शब्दांवर आजचा अर्धा वाद उभा आहे: वाटेत दोन सुरक्षित देश ओलांडून आलेला माणूस थेट आला असे म्हणायचे का? तेहतिसावे कलम त्याला छळाच्या ठिकाणी परत पाठवण्यास मनाई करते, आणि आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याची ब्रिटनची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात अडली ती मुख्यतः याच तत्त्वावर. भारताने या करारावर सही केलेली नाही. तरीही अरुणाचल प्रदेशात आश्रयाला आलेल्या चकमा समाजाच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की, राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने जीविताला आणि व्यक्तिस्वातंत्र्याला दिलेले संरक्षण नागरिकांपुरते मर्यादित नाही.

आश्रयाचा प्रत्येक दावा खरा असतो, असे मी म्हणत नाही. पण होडीतून आला म्हणून तो खोटा, हे अनुमान चुकीचे आहे.

प्रश्न: माझा भाऊ अमेरिकेत कायद्याने गेला, कर भरतो आणि वर्षानुवर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. बेकायदा आलेल्यांना माफी देणे हा त्याच्यावर अन्याय नाही का?

उत्तर: आहे, आणि तो नाकारणाऱ्यांचा युक्तिवाद मला कधी पटलेला नाही. फक्त आपल्या भावाची रांग त्या लोकांमुळे लांबलेली नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे कुटुंबीयांसह वर्षाला सुमारे १,४०,००० असतात आणि एकाच देशात जन्मलेल्यांना त्यांतील साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत असे बंधन आहे. भारत आणि आइसलँड या दोघांनाही मापटे एकच! रांग या नियमामुळे लांबली आहे. दुसरीकडे, शेतावर किंवा स्वयंपाकघरात राबणाऱ्या अकुशल माणसासाठी कायम वास्तव्याची रांग इतकी अरुंद आहे की ती नसल्यातच जमा आहे. ‘रांगेत उभे राहा’ असे त्याला सांगणे सोपे, रांग दाखवणे अवघड.

१९९६ च्याच दुसऱ्या एका कायद्याने यात आणखी एक पेच घातला. मघाशी सांगितलेली तीन आणि दहा वर्षांची बंदी देश सोडल्यावर लागू होते. ज्याने आधीच वर्षभर काढले आहे, त्याला बाहेर पडून रीतसर अर्ज करायचा तर आधी दहा वर्षे बाहेर काढावी लागतात, म्हणून तो बाहेर पडतच नाही. लोकांनी निघून जावे यासाठी केलेली तरतूद त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवते.

माफीच्या बाबतीत मला दोन उदाहरणे शेजारी ठेवावीशी वाटतात. अमेरिकेने १९८६ मध्ये सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केले आणि त्याच कायद्याने बेकायदा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकालाही प्रथमच शिक्षा ठेवली. पण कामगाराने पुढे केलेला कागद वरवर खरा दिसतो एवढे मालकाने पाहिले तरी पुरे होते. खोट्या कागदांचा बाजार तेजीत आला आणि मालक बहुधा सुटले. स्पेनने २००५ मध्ये तीन महिन्यांची मुदत देऊन साडेपाच लाखांहून अधिक लोकांना नियमित केले, तेव्हा अर्ज सर्वसाधारणपणे मालकाने करायचा होता, सोबत कामाचा करार जोडायचा होता आणि सामाजिक सुरक्षा निधीत कामगाराचे नाव नोंदवून वर्गणी सुरू झाल्यावरच परवाना अमलात येत असे. या पद्धतीत मालक आणि कामगार दोघेही एकदमच उजेडात आले. स्पेनच्या शेजाऱ्यांनी त्यावरही नाके मुरडली, कारण तेथून पुढे युरोपातील बहुतेक देशांत सीमेवरील तपासणीवाचून जाता येते, आणि तो आक्षेप पोकळ म्हणता येणार नाही.

आपल्या भावाच्या अन्यायाची दाद मागायची असेल तर ती ७ टक्क्यांच्या बंधनाविरुद्ध मागावी लागेल. हे बंधन उठवण्याची विधेयके तेथील संसदेत याआधी आलेली आहेत. २०१९ मध्ये तसे एक विधेयक प्रतिनिधीगृहात मोठ्या बहुमताने संमतही झाले होते, पण त्याचा कायदा होऊ शकला नाही.