वाचकांचे प्रश्न : धनेशाची ढोली

प्रश्न : बागेलगतच्या बेहड्याच्या ढोलीपाशी महाधनेशाचा नर रोज फळं घेऊन येतो. मादी मात्र फेब्रुवारीपासून दिसलेली नाही आणि ढोलीचं तोंड लिंपल्यासारखं दिसतं. ती आत अडकली असेल तर शिडी लावून भोक मोठं करावं का? (एक वाचक, दोडामार्ग)

उत्तर : शिडीला हातही लावू नका. तोंड तिनंच आतून लिंपलंय. विष्ठा आणि फळांचा चोथा चोचीनं थापून ती नराची चोच पोहोचेल एवढी उभी फट ठेवते. अंडी एक किंवा दोन, उबवायला साधारण ३८ ते ४० दिवस. याच काळात तिची पंखा-शेपटीची मोठी पिसं झडून नवी येतात. तुम्ही भोक फोडलंत तर बाहेर पडलेल्या मादीला उडताही येणार नाही. पिल्लू काही आठवड्यांचं झालं की ती स्वतःच गिलावा फोडून निघते. पिल्लू आतून तोंड पुन्हा लिंपून घेतं आणि मग दोघं मिळून त्याला भरवतात.

सांभाळायचं आहे ते नराला. त्याची शिकार झाली की ढोलीत उपासमार. खाली माणूस दिसला तरी गळ्यात भरून आणलेली फळं तशीच घेऊन तो लांबच्या झाडावर ताटकळतो. म्हणून निदान पन्नास मीटर लांबून, आडोशाला बसून बघा. ड्रोन नको, आणि हौशी फोटोवाल्यांना पत्ता तर मुळीच नको. आत सगळं चालू आहे का, ते दुर्बिणीतून कळतं. मादी फटीतूनच विष्ठा बाहेर उडवते, त्यामुळे फटीखालच्या खोडावर ओले ओघळ दिसतात. (डोळा लाल तो नर, पांढुरका ती मादी.)

प्रश्न : उडताना एवढा आवाज का होतो?

उत्तर : उड्डाणपिसांची मुळं खालून नीट झाकलेली नसतात. त्या फटींतून हवा घुसते.

प्रश्न : धनेशासाठी काय लावावं?

उत्तर : वड, उंबर. जंगलात इतर फळं नसतात तेव्हाही यांतलं एखादं झाड लगडलेलं सापडतं. वडाची मनगटाएवढी जाड, सहा-सात फुटांची फांदी पावसाच्या सुरुवातीला दोन फूट खोल पुरा, वरच्या कापाला शेणमाती थापा. खड्ड्यात पाणी साचलं तर बुंधा कुजतो, तेव्हा जागा उताराची निवडा. गुरांपासून राखायला काट्यांचं कुंपण हवंच. ढोलीसाठी मात्र जुनं झाडच लागतं. धनेश स्वतः ढोली कोरत नाही, त्यामुळे पोकळ म्हणून तोडायला काढलेला बेहडा आधी वाचवा.