ब्रेसमुळे फाटणाऱ्या पँट्सचे पैसे डब्ल्यूएसआयबीकडून मागता येतात का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: यजमान कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात गोदामात कामाला होते, तिथल्या अपघातानंतर त्यांना मांडीपासून पावलापर्यंत ब्रेस, म्हणजे पायाला बांधायचा आधार, लागला, आणि तेव्हापासून कुठलीही पँट दोन-तीन महिन्यांच्या वर टिकत नाही. याचे पैसे मागता येतात का, आणि मागितले तर बरं दिसेल का?

मागता येतात. डब्ल्यूएसआयबी म्हणजे ओंटारिओत कामावरच्या दुखापतीची भरपाई देणारी संस्था. तिच्याकडे यासाठी ‘क्लोदिंग अलाउन्स’ म्हणून कपड्यांचा भत्ता आहे. कामावरच्या दुखापतीमुळे कृत्रिम हात-पाय, ब्रेस किंवा व्हीलचेअर वापरावी लागते आणि त्यानं कपडे झिजतात किंवा फाटतात, अशांसाठी तो असतो. मला स्वतःला तो मिळतो, म्हणून लिहितोय.

माझ्या डाव्या पायाला अगदी तसाच ब्रेस आहे. मांडीच्या स्नायूत जोर नाही, त्यामुळे गुडघा आपला आपण सरळ राहत नाही. ब्रेसच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, गुडघ्यापाशी बिजागरी आणि त्यावर एक सरकती कडी. उभं राहिलं की कडी खाली घसरते आणि गुडघा पक्का होतो. बसायचं झालं की पँटवरूनच ती कडी चिमटीत धरून वर ओढायची. आता दिवसातून किती वेळा माणूस उठतो-बसतो ते मोजा. प्रत्येक वेळी कापडाची तीच दोन बोटांएवढी जागा बोटं आणि कडी यांच्यामध्ये चुरगळते. आधी तिथला रंग उडतो, मग कापड जाळीसारखं दिसायला लागतं, आणि एक दिवस बसमध्ये बसताना टर्रकन आवाज येतो. शिवाय बिजागरीच्या तेलाचा काळा डाग आतून बाहेर येतो आणि वेल्क्रोचे पट्टे मशीनमध्ये दुसऱ्यांच्या कपड्यांचे धागे ओढतात, ते वेगळंच. (बायकोच्या दोन ओढण्या गेल्या. त्यांचा हिशेब अजून माझ्याच नावावर आहे.)

आणि एवढं सगळं होत असताना मी चार वर्षं गप्प बसलो होतो. फाटली की फेकायची, नवी आणायची. एकदा कडी घासून घ्यायला ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्याकडे, गेलो, तेव्हा त्यानं पँटीवरचं ठिगळ बघून विचारलं, ‘याचा भत्ता घेतोस ना?’ मी म्हटलं, कसला भत्ता?

घरी येऊन शोधायला बसलो तर भलतीकडेच गेलो. ही चूक तुमचीही होईल म्हणून सांगतो. इंटरनेटवर हे शोधलं की बऱ्याचदा आधी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या भत्त्याची माहिती समोर येते. तोही दर वर्षी मिळणारा कपड्यांचाच भत्ता, त्यातही ब्रेस, कृत्रिम पाय, व्हीलचेअर, अगदी कपड्यांवर डाग पाडणारं त्वचेचं मलमसुद्धा येतं. पण तिथली 1 ऑगस्टची मुदत, तिथले फॉर्म, तिथली रक्कम यातलं काहीही आपल्याला लागू नाही. कॅनडातही कामगार भरपाई प्रांताप्रांताची वेगळी. ब्रिटिश कोलंबियात वर्कसेफबीसी ही तिथली संस्था असा भत्ता देते, पण तिचे नियम तिचे. तुम्ही फक्त डब्ल्यूएसआयबीचं पाहा, आणि चालू वर्षाचा दर थेट केस मॅनेजरलाच, म्हणजे तिथं तुमचं प्रकरण बघणाऱ्यालाच, विचारा. जुन्या पोस्टमधले आकडे धरून बसू नका.

मी आधी फोन केला. फोनवर मला धड सांगताच येईना. ‘कपडे खराब होतात’ एवढंच बोललो. कपडे काय, सगळ्यांचेच खराब होतात! म्हणून तुम्ही लेखीच मागा. क्लेम नंबर वर टाका, ब्रेस कोणत्या तारखेपासून आहे, दिवसाचे किती तास घालतात, कोणता कपडा नेमका कुठे फाटतो आणि किती दिवसांत, हे लिहा. ब्रेस मिळाला त्या तारखेपासूनचा भत्ता मागा. जोडीला ऑर्थोटिस्टकडून दोन ओळी घ्या, की ब्रेसला बाहेरून धातूची बिजागरी आणि कडी आहे आणि तिच्या घर्षणानं कापड झिजतं. त्यांना हे नवीन नसतं, पाच मिनिटांत लिहून देतात.

पण सगळ्यात उपयोगी पडला तो फोटो. फाटलेली पँट पलंगावर सपाट पसरली आणि तिच्या शेजारी ब्रेस असा ठेवला की कडी आणि भोक एका रेषेत येतील. दुसऱ्या पँटचा तसाच फोटो, भोक त्याच जागी. त्यापुढे मला इंग्रजीत फारसं काही लिहावंच लागलं नाही. तेव्हा आजपासून फाटलेला कपडा टाकू नका. एका पिशवीत ठेवा, वर तारखेची चिठ्ठी. मी चार वर्षांचा पुरावा कचऱ्यात घातला होता.

एक गोष्ट नीट तपासून घ्या: ब्रेस डब्ल्यूएसआयबीच्याच क्लेमवर मंजूर झालेला आहे ना? काही जण घाईत तो खासगी विम्यातून घेतात किंवा पदरचे पैसे घालतात, आणि मग ब्रेसचा कामावरच्या दुखापतीशी संबंध आहे हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं. तसं असेल तर पहिला अर्ज ब्रेसचा, मग कपड्यांचा. अपघाताच्या दिवशी अंगावरचे कपडे फाटले किंवा हॉस्पिटलात कापले गेले असतील, तर तो विषय या पत्रात आणू नका. हा भत्ता नंतरच्या रोजच्या झिजेचा आहे, दोन्ही एकत्र केलं की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

पगाराच्या भरपाईशीही याची गल्लत करू नका. ती निव्वळ पगारातल्या नुकसानीच्या 85 टक्के असते आणि कमाई सुरू झाली की कमी होते. मी कामावर परतलो तरी पँट फाटायची थांबली नाही, आणि भत्ताही चालू राहिला.

उत्तर नकारार्थी आलं तर निर्णय लेखी मागून घ्या आणि त्यावरची तारीख बघा. अशा निर्णयावर हरकत नोंदवायला साधारण सहा महिने असतात. कामावर परतण्याच्या योजनेबद्दलचे निर्णय असतात त्यांना मात्र फक्त 30 दिवस, तेव्हा पत्रात कोणती मुदत दिली आहे ते वाचल्याशिवाय पत्र खणात टाकू नका. यजमान युनियनमध्ये असतील तर युनियनच्या माणसाला गाठा. नसतील तर ऑफिस ऑफ द वर्कर अॅडव्हायजर म्हणून प्रांताची कचेरी आहे, ती युनियन नसलेल्या कामगारांना फुकट मदत करते.

आता ‘बरं दिसेल का’. हे वाचून मला माझे वडील आठवले, सरकारी खिडकीसमोर उभं राहतानासुद्धा चप्पल बाहेर काढून येणारे. ताई, हे कुणी दिलेलं दान नाही हो. 1913 साली विल्यम मेरेडिथ या न्यायाधीशांनी ओंटारिओ सरकारला जो अहवाल दिला, त्यातून इथला कायदा आला आणि 1 जानेवारी 1915 पासून तो लागू झाला. सौदा असा होता, की कामगारानं मालकावर दावा लावायचा हक्क सोडायचा, आणि त्या बदल्यात चूक कुणाची हे न बघता त्याला भरपाई मिळायची. तिचे पैसे मालक लोक हप्त्यानं भरतात. तुमच्या यजमानांनी आपल्या बाजूचा सौदा पाळलाय, दावा लावलेला नाही. मग दोन पँट्सचे पैसे मागताना लाजायचं कशाला?

अर्ज मार्गी लागेपर्यंत एक करा. पँट घरी आणली की घालायच्या आधीच कडीच्या जागी आतून मऊ चामड्याचं किंवा जुन्या जीन्सचं ठिगळ शिवून टाका, भोक पडायची वाट बघू नका. अख्खी जीन्स मात्र घेऊ नका, कापड इतकं जाड की कडी बोटांना लागतच नाही. मी एकदा तसाच पाय ताठ ठेवून अर्धा तास बसलो होतो. आणि मशीनमध्ये टाकायच्या आधी वेल्क्रोचे पट्टे एकमेकांवर चिकटवून घ्या, निदान तुमच्या ओढण्या तरी वाचतील.