डायनासोर शिकवायचेत? आधी सुतळी घे

नावं पाठ करून घेऊ नकोस गं, ती मुलं तुझ्याआधी शिकतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला ज्याची हाडं सापडली, तो इसिसॉरस अंदाजे १८ मीटर लांब होता. मैदानात तेवढी सुतळी अंथर, मुलांना तिच्यावर ओळीनं झोपव. किती जण मावले ते त्यांनाच मोजू दे, गोंधळ होणारच.

मग विचार, एवढा प्राणी खात काय असेल? ‘वरणभात’ असं उत्तर आलं तर लगेच खोडू नकोस. पाला खाणाऱ्याचे दात कसे, मांस खाणाऱ्याचे कसे, ही गप्पा त्यातूनच रंगते. डायनासोरच्या पावलांचे ठसे करायला ओली माती घे (कणकेला मुंग्या लागतात).

‘ते कुठे गेले?’ असं कुणीतरी विचारेलच. फार फार पूर्वी मेले, सरळ सांग. आणि कोंबडी दाखव: पक्षी त्यांचेच वंशज.