एकाच बाईकच्या वेगवेगळ्या वर्षांचे पार्ट एकमेकांना बसतात का?

मॉडेलचं नाव तेच म्हणून बसेलच असं अजिबात नाही. कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये दोन्ही वर्षांचे पार्ट नंबर काढा, अगदी सेम असतील तर बिनधास्त घ्या, शेवटचं एखादं अक्षर बदललं असेल तर आधी चेसिस नंबर देऊन विचारा कारण वर्षाच्या मध्येच पण पार्ट बदलतात. मी नुसता फोटो बघून ब्रेक पॅड मागवले होते, पिनचं भोक जरासं सरकलेलं निघालं, कॅलिपरमध्ये (पॅड धरून ठेवणाऱ्या भागात) बसेचनात, आणि ब्रेकच्या बाबतीत कानस मारून बसवायचं धाडस प्लीज कुणी करू नका. चेन-स्प्रॉकेटला पिच, म्हणजे चेनच्या शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर बघा, ४२८ नंबरच्या चेनची १२.७ मिमी आणि ५२० ची १५.८७५ मिमी, ती एकमेकांवर चालतच नाहीत. जुना पार्ट काढून व्हर्नियरने मोजला तर उत्तमच.