मामांचे क्वाड घ्यावेत का?

प्रश्न : माझे मामा लेस्टरहून कायमचे नाशिकला परत येत आहेत. त्यांच्याकडचे १९५७ च्या मॉडेलचे क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर ते मला द्यायला तयार आहेत. आमचा हॉल १० बाय १५ फुटांचा, अँप्लिफायर १०० वॉटचा. ऐकणं बहुतेक ख्याल आणि सतार. ते घेऊ की नवे स्पीकर विकत घेऊ? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पत्र वाचून तुमचा हेवा वाटला, तरी सल्ला नवे घ्या असाच आहे.

इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या क्वाड कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर यांच्या या स्पीकरमध्ये ना हलणारा शंकू (कोन), ना मॅग्नेट. भोकं पाडलेल्या दोन तक्त्यांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिपातळ पडदा ताणलेला असतो आणि त्याच्यावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार असतो. पडद्याला वजन जवळपास नाहीच, त्यामुळे सूर थांबला की तोही तिथल्या तिथे थांबतो. तानपुऱ्याची जवार त्यातून जशी सुटी-सुटी ऐकू येते, तशी मी फार कमी स्पीकरांतून ऐकली आहे. खर्ज कमी पडतो ही तक्रार आपल्या संगीतापुरती तरी सोडून द्या. बेताच्या आवाजात डग्ग्याची घुमक छान येते.

अडचण आहे ती डोंबिवलीच्या हवेची. जुलैतल्या दमटपणात धुळीवर ओल धरते, भार गळायला लागतो, एका बाजूचा आवाज दबतो, मग चरचर सुरू होते. पॅनल जर्मनीत नवे करून मिळतात, पण दर दोन पावसाळ्यांनी तिकडे कोण पाठवणार? शिवाय हे स्पीकर पुढे तेवढेच मागेही वाजतात. पाठीमागे निदान मीटरभर जागा मोकळी हवी, म्हणजे ते तुमच्या हॉलच्या मधोमध येणार. घरातली मंडळी हे किती दिवस चालवून घेतील ते तुम्हीच जाणता. त्यात अँप्लिफायर. हे स्पीकर १५ वॉटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपबरोबर वाजवायचे म्हणून बनले. तुमच्या १०० वॉटनी जोर लावला तर आत ठिणगी पडून पडदा जळेल.

नव्यांत मी केईएफ या ब्रिटिश कंपनीचा एलएस ५० मेटा किंवा त्याच घडणीचा एखादा ऐकायला सांगेन. त्यात ट्विटर (वरच्या सुरांचा स्पीकर) वूफरच्या (खालच्या सुरांच्या स्पीकरच्या) मधोमध असतो, म्हणून जवळ बसूनही आवाज एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. लहान हॉलला हे फार सोयीचं. दुकानात मात्र ढोल-ताशे लावून निवडू नका. हळू आवाजात विलंबित ख्याल लावा आणि मागचा तानपुरा ऐका.

क्वाड नाशिकलाच जाऊ द्या. तिथली हवा तुमच्यापेक्षा कोरडी आहे, आणि मामांकडे जायला निमित्त मिळेल. त्यांना एवढंच सांगा, धूळ पुसायला मागची जाळी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत बराच वेळ जबर झटका बसेल एवढा भार राहतो.